उडी मारता येईल असा फ्रॉक

रशीदाआपांची आणि माझी पहिली ओळख फारशी सन्मानाची नव्हती. पाटोद्याच्या आमच्या महिला शिवणकाम सहकारी संस्थेत मी चिटणीस म्हणून रुजू झालो आणि नमस्कार करायला त्यांच्या मशीनसमोर उभा राहिलो. मान वर न करता त्या म्हणाल्या, “भाऊ, जरा बाजूला व्हा. उजेड अडलाय.” पुढे त्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या, मी चिटणीसच राहिलो. आज त्या पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांच्या सहकारातल्या कामाविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच; मी एका फ्रॉकविषयी लिहिणार आहे.

लहान मुलाचा कपडा शिवून झाला की आपा तो त्याच्या अंगावर चढवीत आणि सांगत, “बस. ऊठ. आता उडी मार.” बसताना कापड ताणले, किंवा उडी मारताना मुलाचा हात कपडा सावरायला गेला, की आपांनी शिवण उसवलीच म्हणून समजा. आतून चार बोटे दुमड ठेवलेली असे, म्हणजे मूल वाढले तरी ती उसवून कपडा मोठा करता यावा. घाईतल्या आया कुरकुरत, पण आपा दाद देत नसत.

एका दुष्काळात या रीतीपायी आमचे आपांशी वाजले. पाणी विकत घेणाऱ्या घरांत नवे कपडे कोण शिवणार? अठरा मशीनींपैकी चारच चालू होत्या. अशात शहरातल्या एका व्यापाऱ्याने मुलींच्या फ्रॉकची मोठी ऑर्डर देऊ केली. हंगामभर साऱ्या मशीनी चालल्या असत्या, एकाही बाईला ऊसतोडीला जावे लागले नसते. मी हरखून होकार देऊन टाकला आणि नमुना घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला आपांसमोर नंतर नेले. चूक माझीच.

माप सहा वर्षांच्या मुलीचे आणि धाटणी नटीच्या पोशाखाची. अंगाला घट्ट, गुडघ्यापाशी अरुंद, खांद्यावर नुसत्या दोऱ्या. आमच्या शिवणाऱ्या सरूबाईंची नात तिथेच खेळत होती. आपांनी तिला तो घालायला दिला. चमचमते कापड पाहून पोर खुलली. “बस,” आपा म्हणाल्या. तिला बसता येईना. “उडी मार.” तिने दोन्ही हातांनी दोऱ्या धरल्या आणि सगळ्यांकडे बघत अवघडून उभी राहिली.

“पोरीचा कपडा हाय का बाहुलीचा?” आपांनी व्यापाऱ्याला विचारले.

“आपा, फोटोत लई भारी दिसतो. लोक मागतात.”

“मागाया कोन गेलतं? ही पोर गेलती का?”

त्याच कापडाचा सैल, बाह्यांचा फ्रॉक शिवून देण्याची आपांची तयारी होती. व्यापाऱ्याला तो नको होता. नमुना उचलून तो निघून गेला.

सरूबाई तेवढ्या बोलल्या. “आपा, इज्जत तुमची राहिली, कोयता माज्या हातात आला.”

आपांनी मान खाली घातली. त्या हंगामात सरूबाईंसह सहाजणी ऊसतोडीला गेल्या. सरूबाईंच्या नातीला मात्र आपांनी आपल्याकडे ठेवून घेतले. तिची शाळा बुडाली नाही, की तिचे जेवण एक वेळ चुकले नाही. दोन महिने मीही आपांशी कामापुरतेच बोललो. मला त्यांचा राग आला होता. ऑर्डर घ्यायला हवी होती असे मला आजही अधूनमधून वाटते, आणि मग दोऱ्या धरून उभी राहिलेली ती पोर आठवली की वाटेनासे होते.

हंगाम संपला आणि सरूबाई परतल्या. रापलेल्या, हातांना भेगा पडलेल्या. नातीला त्यांनी पोटाशी धरले. मग आपांसमोर आल्या.

“आपा, माजा राग गेला न्हाई,” त्या म्हणाल्या. “पन पोर वाढलीय. हिचं माप तुमीच घ्या.”

आपांनी टेप उचलला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतले आणि दुमडीसाठी चार बोटे वर धरली.

आपांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर शाबूत राहो, आणि आमच्यासारख्यांनी घाईने दिलेले होकार मोडायला त्या आणखी पुष्कळ वर्षे आमच्यात असोत.