गॅलरीच्या टोकापर्यंत

त्या सकाळी आई अंथरुणातून उठता उठता गरगरली आणि कपाटाला धरून खालीच बसली. डॉक्टरांनी तपासलं. गंभीर काही नाही, वयामुळे तोल जातोय, म्हणाले. मी मात्र बँकेत रजा टाकली आणि हुकूमच सोडला, "उठायचं नाही, मान हलवायची नाही!" आम्ही लालबागच्या चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. तिथवर मी तिला दंडाला धरून नेई आणि दाराबाहेर पहारा देई. शहात्तर वर्षांच्या बाईला याची किती लाज वाटत असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

पंधरा दिवसांत चक्कर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. नुसती कूस बदलली तरी तिचे डोळे फिरायचे. शेवटी डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट पाठवली. ती माझ्यावरच घसरली. "आजींना बसवून ठेवलंत म्हणून त्या जास्त डगमगतात. हलल्याशिवाय तोल सांभाळायची सवय कशी राहणार? तुम्ही बाजूला राहा, पण त्यांना चालू द्या. चालता चालता मान डावी-उजवीकडे वळवू द्या."

आकडे मोजत मान वळवणं आईला वेडेपणाचं वाटे. तिने आपली युक्ती काढली. आमच्या गॅलरीत एका बाजूला बिऱ्हाडांची दारं, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली अंगण. प्रत्येक दारात मान वळवून ती "काय शिजवलंस गो?" विचारी, मग कठड्याकडे वळून खालच्या कुणाची तरी चौकशी करी. पहिल्या दिवशी दुसऱ्याच दारापाशी तिचा झोक गेला. मी झेपावले. कठडा घट्ट धरून ती म्हणाली, "चक्कर येता माका, नि घाम फुटता तुका!" दारादारांतून हशा पिकला. मला तिचा रागही आला आणि तिच्यावर मायाही दाटून आली.

असे दोनेक आठवडे गेले. एका सकाळी तिने माझा हात बाजूला केला. "माझ्या पाठसून येव नको." मी उंबऱ्यातच थांबले. चौकशा करत, मधेच कठडा धरून उभी राहत, ती एकटी टोकाला पोचली. दार लागलं. मग आतून लोखंडी कडी सरकवल्याचा आवाज आला. इतके दिवस मी तिला कडी लावू दिली नव्हती. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि पोटभर रडले.