गोळी अडवून धरणारा ड्रायव्हर

घोडेगावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात मालकाने भंगारातून आणलेलं पिनबॉलचं मशीन आहे. वरून लोखंडी गोळी घरंगळत येते, ती बटण दाबून खालच्या दोन दांड्यांनी परत वर मारायची. बस्स. आमच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी सुटेपर्यंत रोज हेच खेळतो. मी घाटावरच्या गावातल्या शाळेत शिकवतो आणि याच गाडीने जातो, म्हणून मला ते रोज बघावं लागतं. तो मारतो कमीच. गोळी दांडीवर अडवून धरतो आणि खांदे पाडून नुसता उभा राहतो.

"रोज तेच ते," मी एकदा म्हणालो. "यात डोकं कुठं लागतं?"

"तेच ते हाय म्हनून तर लागतं, गुरुजी," गोळीवरची नजर न काढता तो म्हणाला.

हा वाद वर्षभर चालला. म्हणजे मी बोलायचो, तो खेळायचा.

परवा घाटात त्याने आंधळ्या वळणाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि थांबवली. रस्ता रिकामा होता.

"काय राव, झोपला का?" मागून कुणीतरी ओरडलं.

तो खांदे पाडून नुसता बसून राहिला. तेवढ्यात दुधाची पिकअप हॉर्न न देता, आमच्याच बाजूने वळण घेऊन सुसाट खाली गेली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रोज पायथ्याला भेटती," गिअर टाकत तो म्हणाला. "आज भेटली न्हाई."