तेल साहेबांनी घातलं त्या दिवशी

माझ्या मावशीला तिच्या कामाच्या जागी सगळे तेलबाई म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात. तिला राग येत नाही, मला येतो. बॉल घरंगळवून दहा पिना पाडायच्या, त्या खेळाचा तो हॉल. तिथल्या बारा लाकडी लेनवर रोज सकाळी यंत्राने कालचं तेल धुऊन नवं घालायचं काम ती एकोणीस वर्षं करते आहे. मी तिथेच खेळाडूंना बूट देते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

तेल दिसत नाही, पण खेळ तेच खेळवतं. तेलावरून बॉल घसरत जातो, आणि तेल संपलं की लाकूड धरतो आणि वळतो. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी मावशी मधे जास्त आणि कडेला कमी घालते. मग चुकलेला बॉलही आपणहून आत येतो आणि नवशिक्याला वाटतं, काय खेळलो आपण! स्पर्धेला मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं तेल. तिथे बोटभर चुकलात तरी माफी नाही.

यंदा हॉलच्या संघासाठी मावशीने नाव दिलं. वीस जणांतून आठ निवडायचे होते. मॅनेजर हसले.

"तेल तुमच्या हातात, बाई. लोक काय म्हणतील?"

"मग निवडीच्या दिवशी तुम्ही घाला. किती, कुठे, मला सांगूही नका."

"घालतो की. बटण तर दाबायचं, त्यात काय मोठं?"

एकोणीस वर्षांच्या कामाची ही किंमत! मावशीचे मिटलेले ओठ बघून मी ओळखलं, आता ही कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

निवडीच्या दिवशी भल्याभल्यांचे बॉल वळायचंच विसरले. मॅनेजरांचा पुतण्या, संघाचा जुना कप्तान, डोक्याला हात लावून बसला. मावशीचेही पहिले दोन बॉल तसेच सरळ गेले. तिसरा परत आला तेव्हा तिने तो उजेडात धरला. बॉलभोवती तेलाचा चकचकीत पट्टा उमटला होता. तो तिने पांढऱ्या फडक्याने पुसला आणि फडकं मला दाखवलं. त्यावर करडा मळ होता.

"लेन साफ न करता घातलंय. यंत्राची सफाईची टाकी रिकामी असणार. कालच्या तेलावर आजचं तेल."

"मग आत्ताच जाऊन सांग ना!"

"आत्ता सांगितलं तर म्हणतील, स्वतःचं तेल नसलं की बाईला खेळता येत नाही. गप बस."

तिने स्वतःचा वळणारा बॉल बाजूला ठेवला आणि पोरंसोरं वापरतात तो हॉलचा कडक, गुळगुळीत बॉल उचलला. लेनच्या चार लाकडी पट्ट्यांइतकी कडेकडे सरकली आणि मनगट न फिरवता सरळ टाकला. आठ पडल्या. त्याच पाळीच्या दुसऱ्या बॉलने उरलेल्या दोन. मग नऊ आणि एक. एका दमात दहा पाडायचा नादच तिने सोडला आणि राहिलेल्या टिपत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "भांडी घासल्यासारख्या खेळतात बाई." हातातला बूट फेकून मारावा असं मला वाटलं.

आठव्या नंबरासाठी शेवटी तिला नऊ पिना हव्या होत्या. पहिल्या बॉलला सात पडल्या. दुसऱ्या बॉलने उरलेल्या तिन्ही गेल्या.

मॅनेजरांनी फळ्यावर आठ नावं लिहिली. सगळ्यात खाली मावशीचं.

"नशीब काढलंत, बाई."

मावशी फडकं घेऊन उठली. "आता तक्रार करते, साहेब. लेन साफ न करता तेल घातलंय तुम्ही. बारा जण बाहेर बसलेत, तुमचा पुतण्यासुद्धा. त्यात त्यांची चूक नाही. टाकी भरा, लेन धुवा आणि पुन्हा खेळवा. सगळ्यांना."

"अहो, तुमची संघातली जागा जाईल!"

"गेली तर खेळून जाईल," मावशी म्हणाली, आणि फळ्यावरचं स्वतःचं नाव तिने त्याच फडक्याने पुसून टाकलं.