मंजूवरचा आळ

शेलूबाजारहून आत वळलं की लागणाऱ्या त्या गावात मंजूच्या हातचं ब्लाउज घातलं नाही अशी बाई मिळणं मुश्कील. मापाची तर तिला गरजच पडत नसे. बाई दारातून आत येईपर्यंत मंजूच्या डोक्यात मुंढा, गळा, बाही सगळं बसलेलं असे. पण एक ब्लाउज तिच्याकडे कधी येत नव्हतं, डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचं. ते जीपमध्ये बसून शेलूबाजारच्या टेलरकडे जायचं. तो मेला काखेत घट्ट करून ठेवायचा, पैसे जास्त घ्यायचा, तरी बायका त्याच्याकडेच जायच्या. मंजूला मूल नव्हतं ना, मग पोटुशीच्या अंगाला वांझोटीचा हात कसा लागू द्यायचा. गावात हे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना आपसूक येतं.

मंजू धनजची. लग्न होऊन आली तेव्हा सासू सोजरबाईनं तिची अलाबला घेतली होती. लग्नाचं पहिलं वर्ष कौतुकात गेलं, दुसरं विचारपूस करण्यात. त्यानंतर सोजरबाईच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. "खाते दोन मानसाचं अन देते काय, तर काहीच नाई," असं ती ओसरीत बसून, मंजूला ऐकू जाईल इतक्या आवाजात शेजारणीला सांगायची. सासरे पुंजाजी खाली मान घालून बिडी ओढायचे. नवरा देवानंद तसा वाईट माणूस नव्हता, म्हणजे आईसमोर ज्याला कणा नसतो त्याला वाईट म्हणत नसतील तर. नणंदेच्या बाळाच्या बारशाला मंजूनं झबलं शिवलं, तर ते सोजरबाईनं तिच्यादेखत गोठ्यातल्या वासराच्या अंगावर टाकलं. मंजू मशीनवर जाऊन बसली आणि एकाच शिवणीवरून पुन्हा पुन्हा सुई चालवत राहिली.

वाशिमच्या डॉक्टरांनी मंजूच्या सगळ्या तपासण्या केल्या. सगळं ठीक निघालं. आता नवऱ्याला तपासा म्हणाले, आणि पुढे त्यांनीच नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोजरबाई हट्टानं सोबत गेली. सुनेत काय खोट आहे ते स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं तिला. देवानंदच्या अंगातला चिमूटभर तुकडा काढून घेतला, रक्त घेतलं, आणि बऱ्याच आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण घाई नसलेली. समोर तिघांना बसवून तिनं सरळ सांगितलं की देवानंदच्या वीर्यात बीजच नाही, आणि पुढेही तयार होणार नाही.

सोजरबाई म्हणाली, "आँ?"

"आजी, नीट ऐका. प्रत्येकाच्या अंगात एक धागा आईकडून आलेला असतो, एक बापाकडून. गुणसूत्र म्हणतात त्याला. बीज तयार होताना हे दोन धागे शेजारी येतात आणि आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून तर मुलगा पूर्ण आईसारखाही होत नाही आणि बापासारखाही नाही. पण अदलाबदल करायची तर आधी धागा कापावा लागतो. हे कापण्याचं काम करणारा एक एन्झाइम असतो, स्पो-इलेव्हन नावाचा. यांच्यात तो काम करत नाही. कापच पडत नाही, म्हणून धागे एकमेकांना सापडत नाहीत, आणि बीज अर्ध्या रस्त्यात मरून जातं."

मंजूला हे लगेच कळलं. कापल्याशिवाय जोडता येत नाही हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं विचारलं, "म्हंजे कात्रीच नाई यायच्यात?"

"तसंच समजा. जन्मापासूनच नाही." मग डॉक्टरीण सोजरबाईकडे वळली. "आजी, तुमचं आणि आजोबांचं लग्नाआधी नातं होतं का?"

होतं. पुंजाजी सोजरबाईच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. मामाची पोरगी घरात आणली, घरातलं घरात राहिलं, हे सोजरबाई आयुष्यभर मिरवत आली होती. डॉक्टरीण म्हणाली की अशा नात्यात एकच बिघाड दोघांकडे असू शकतो. त्यांना स्वतःला त्याचा त्रास होत नाही, कारण त्यांच्याकडे दुसरी चांगली प्रत असते. पण मुलाला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली. दोष कोणाचाच नाही.

सोजरबाईनं त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. "म्हंजे खोट माह्यात हाये म्हन्ता?" म्हणून ती उठून उभी राहिली.

त्या खोलीत मंजूला काय वाटलं ते सांगायलाच हवं. तिला आनंद झाला. नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता, त्याच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. इतकी वर्षं अंगाला चिकटलेला शब्द आज गळून पडला, आता गावात ताठ मानेनं चालायचं, एवढंच तिच्या मनात होतं. बिचारी. खरं कळलं म्हणजे खरं बोललं जाईल, असं तिला वाटलं होतं.

डॉक्टरिणीनं मार्गही सांगितला. वीर्यबँकेतून दुसऱ्याचं बीज घेता येतं, मंजूला दिवस जाऊ शकतात. देवानंद पहिल्यांदा बोलला, "परक्याचं पोर मी नाई वागवत." सोजरबाईनं मात्र डोकं चालवलं. परकं कायले, आपला गण्या आहे ना. धाकटा भाऊ, तेच रक्त, तेच घर, त्याचं घ्या. डॉक्टरीण म्हणाली की कायद्यानं तसं घेता येत नाही, आणि सख्ख्या भावात हाच बिघाड असण्याची शक्यता मोठी आहे. झालं. सोजरबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा एक पोरगा बाद केला तो केला, आता दुसराही? त्या बाईला खोटं पाडण्यासाठी आणि कायदा न मानणारा एखादा डॉक्टर गाठण्यासाठी ती आठवड्याच्या आत गणेशला घेऊन अकोल्याला गेली. रक्त आपलंच पाहिजे हा हट्ट धरला नसता, तर गणेशची तपासणी या जन्मात झाली नसती. तपासणी झाली. गणेशमध्येही शून्य.

आणि गणेशची तर सोयरीक झालेली. पोरगी रिसोडकडची, रुचिका नावाची, बारावी झालेली, हसरी. लग्नपत्रिका छापून आल्या होत्या.

त्या दिवशी सोजरबाई मंजूच्या मशीनजवळ येऊन बसली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोरी, तू लय सोसलं. मले कबूल हाये. आता आनखी थोडं सोस."

"काय सोसू, आत्याबाई?"

"नागपूरचं अन अकोल्याचं तोंडातून काढजो नको. दोन्ही पोरायचं नाव खराब झालं तर ह्या घरात कोनी पोरगी देनार नाई. तुले तं लोक आताबी म्हन्तेतच. तुहं काय नवीन जानार हाये?"

मंजूनं विचारलं, "अन त्या पोरीचं काय?"

"तुहं झालं तेच तिचं," सोजरबाई म्हणाली, आणि उठून स्वयंपाकाला लागली. काय बाई असेल. वाक्य बोलताना तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

मंजूनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दोऱ्याची रिळं आणायच्या निमित्तानं निघाली, वाशिमला उतरली आणि रिसोडची एसटी धरली. रुचिकाची आई रामीबाई घरीच होती. होणाऱ्या सोयऱ्यांकडची बाई म्हणून तिनं चटई टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. मंजूनं सगळं सांगितलं. धागे, कात्री, देवानंद, गणेश, काही ठेवलं नाही. खोटं कशाला सांगू, ती तिथे फक्त रुचिकासाठी गेली नव्हती. कोणीतरी एका बाईनं, ओळखीच्या की अनोळखी, तिच्या तोंडाकडे पाहून एकदा म्हणावं की मंजू, तुझ्यात खोट नाही. त्यासाठीही ती गेली होती. आणि ती आस रामीबाईला बरोब्बर दिसली.

"म्हंजे तुमी वांझोट्या नाई, असं सांगाले आल्या तुमी," रामीबाई म्हणाली.

"मी खरं सांगून राह्यली, इहीनबाई."

"घरात नवी सून येऊन राह्यली, तिले लेकरू होईन, तुमची किंमत जाईन. समजते मले." चहा उकळत होता. रामीबाईनं गॅस बंद केला आणि चहा गाळलाच नाही. "जा बाई. माह्या पोरीच्या हळदीत पाय ठेवजा नको."

मंजू घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. देवानंदनं तिला अंगणात धरलं. आजवर त्यानं कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी बैलाच्या कासऱ्यानं मारलं. त्यातही त्याची अडचण अशी की शिव्या देताना काय म्हणावं ते त्याला सुचेना. मग तोही तोच शब्द म्हणाला, वांझोटी. ज्याला नागपूरच्या खोलीत सगळं कळलं होतं तो हे म्हणाला, आणि अंगणाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. पुंजाजींनी बिडी विझवली आणि आत निघून गेले.

लग्न वाजतगाजत झालं. हळदीच्या वेळी मंजूला गोठ्यामागच्या खोलीत बसवलं होतं. रुचिका आली, आणि पहिलं वर्ष कौतुकात गेलं. सोजरबाई तिला ऊन लागू देईना. पण पुढे बायकांनी विचारायला सुरुवात केली तशी सोजरबाई जवाब तयार ठेवून होती. हळू आवाजात, कपाळाला हात लावून ती सांगायची, "काय करू बाई, मोठीची सावली पडते तिच्यावर. एका चुलीवर दोघी. वांझोटीचा निसास लय वंगाळ." गावाला पटलं. पटायला त्यात काय अवघड होतं? लोक आता ब्लाउजसुद्धा मंजूकडे कमी द्यायला लागले. रुचिका तिच्या हातचं वाढलेलं खाईनाशी झाली. सकाळी मंजू समोरून आली की ती पोरगी पदर तोंडावर ओढून भिंतीला लागायची. ही मंजू, जिनं तिच्यासाठी मार खाल्ला होता. पण ते रुचिकाला सांगणार कोण, आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

शेवटी मंजूच्या भावानं धनजला बोलावलं. रस्त्यालगतची एक खोली रिकामी होती, तिथे मशीन टाक म्हणाला. मंजूनं कपडे बांधले, मशीन जीपमध्ये चढवायला माणूस सांगितला. तिला वाटलं घर सुटकेचा श्वास टाकेल. सावली निघाली, अपशकुन निघाला, अजून काय पाहिजे. झालं उलटंच. सोजरबाई, जी रोज सकाळी "तुही ब्याद कवा टळते" म्हणायची, ती दारात आडवी झाली. देवानंद म्हणाला, "कायले चालली? राह्यना इथंच. मी काही बोलतो का तुले?"

मंजूला काहीच कळेना. ते तिला रुचिकानं समजावलं. कोठीत बोलावून, दार लोटून, ती पोरगी मंजूच्या पायांना बिलगली. "ताई, जाऊ नका."

"तू मले जाऊ नको म्हन्तं? तू तं माह्या हातचं पानीबी पेत नाई."

"मले माहीत हाये," रुचिका म्हणाली. "यायनं सांगतलं मले. मांगच सांगतलं, रडून रडून. तुमच्यात काही नाई, यायच्यातच हाये."

"कवा सांगतलं?"

"झालं वरीसभर."

वर्षभर. म्हणजे पदर ओढून भिंतीला लागत होती, ती सगळं माहीत असून.

"मंग माह्यासंग असं काहून वागत होती तू?"

रुचिकानं मान वर केली नाही. "तुमी हाये म्हनून लोक मले काही म्हनत नाई, ताई. सावली तुमची, पाप तुमचं. तुमी गेल्या का मंग मीच उरतो. मले वांझोटी म्हनतीन. तुमाले सवय हाये. मले नाई सोसवत."

असं ते होतं. त्या घराला मंजू नकोशी कधीच नव्हती. त्या घराला एक वांझोटी हवी होती, आणि ती मंजू होती. सासूला, नवऱ्याला, दिराला, आणि आता या पोरीलाही. दोन दोन मर्दांची इज्जत तिच्या एकटीच्या माथ्यावर तोलून धरलेली होती.

मंजू म्हणाली, "मंग चौकात जाऊन खरं सांग. मी थांबतो तुह्यासंग."

"माह्यावर कोन ईश्वास ठेवीन?"

"तुह्या मायनं माह्यावर ठेवला नाई. तूबी तवा घरातच होती ना?"

रुचिकानं मंजूचे पाय आणखी घट्ट धरले. होती तर. आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. मंजूनं आपले पाय तिच्या हातातून सोडवले. एकेक बोट उचलून सोडवावं लागलं, इतकं तिनं धरून ठेवलं होतं. मग ती सोजरबाईला ओलांडून जीपमध्ये जाऊन बसली.

धनजला मशीन रस्त्याकडे तोंड करून लागलं. तिथेही वहिनी आपलं तान्हं मंजूच्या मांडीवर देत नाही, तो शब्द तिच्याआधी तिथे पोचला होता. पण शिवणकाम येतं, पोटापुरतं होतं. एका दुपारी रुचिकाचा फोन आला. शेजारच्या सुनेची ओटी भरायची होती, गावातल्या बायका जमल्या होत्या, आणि रुचिका ताट घेऊन पुढे झाली तर त्यांनी तिच्या हातातून ताट काढून घेतलं. तू बाहेर बस म्हणाल्या. सासूही समोर होती, एक शब्द बोलली नाही. उलट घरी येऊन म्हणाली की मोठी गेली तरी पाळणा हलत नाही, म्हणजे खोट हिच्यातच असेल. पोरगी हुंदके देऊन बोलत होती. "ताई, मी काय करू आता? सांगा ना. काय करू मी?"

मंजूनं सगळं ऐकून घेतलं. मधे कुठे थांबवलं नाही.

"काही नाई करा लागत," ती म्हणाली. "सवय होते."

तिनं फोन ठेवला. हातातली बाही पुरी केली, दोरा तोडला. मग उठून ताटात भाकरी घेतली, वर पिठलं वाढून घेतलं, आणि किती दिवसांनी कोण जाणे, पोटभर जेवली.