शेठजींच्या माशांचं जेवण

फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. लोक फोटोला येतात, लाईट येईपर्यंत बाकावर बसतात, आणि माणूस बसला की बोलतोच. मंचरच्या पेठेतला माझा स्टुडिओ बंद झाला, किस्से मात्र राहिले. लग्नांचे आहेत, भाऊबंदकीचे आहेत. पण मित्र जमले की म्हणतात, "दत्ता, ते माशांचं सांग." सुरुवातीला हसतात आणि मग हळूहळू गप्प होतात.

*

माझ्या शेजारी कापडाचं दुकान होतं. मालक शेठजी. मूळचे राजस्थानकडचे जैन, पण बोलणं-वागणं सगळं मंचरचं. दुकानाच्या मागेच घर. एका सकाळी कापड मोजता मोजता शेठजी गादीवर कलंडले. पॅरालिसिस. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

पुण्यात दवाखान्यात नेलं. तिथे बाहेरच्या हॉलमध्ये समुद्रातल्या माशांची काचेची टाकी होती. व्हीलचेअर तिच्यासमोर थांबली आणि इतके दिवस छताला लागलेली शेठजींची नजर पहिल्यांदा हलली. एका नारिंगी माशामागे इकडून तिकडे फिरली.

त्यांचा मुलगा अभय हे बघत होता. तो मला म्हणाला, "राव, पप्पा कुणाकडेच बघत नाहीत. माझ्याकडेपण नाही. त्या माशाकडे बघितलं."

महिन्याभरात तशीच लहान टाकी शेठजींच्या पलंगासमोर आली. मीठसुद्धा वेगळं, पाकिटातलं. ते पाण्यात कालवून समुद्र तयार करायचा. मंचरमध्ये समुद्र! अख्खी पेठ बघून गेली. दोन नारिंगी मासे पांढऱ्या पट्ट्यांचे, एक पिवळाधमक, आणि एक लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा. सगळ्यांत देखणा तोच.

*

चोचवाल्यानं पहिल्या दिवसापासून अन्नाला तोंड लावलं नाही.

बाकीचे डब्यातलं कोरडं खाद्य खायचे. पिवळ्याला पालक आवडायचा. शेठजींच्या बायको, आमच्या काकू, पालकाची पानं उकळत्या पाण्यातून काढून द्यायच्या आणि अभय ती चिमट्यानं काचेला लावायचा. चोचवाला जवळ यायचा, पानाला चोच लावायचा आणि मागे फिरायचा.

अभयनं पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "त्याला ताजी शिंपली उघडून द्या. नाहीतर कोळंबी. मांस पाहिजे त्याला."

अभयनं भीतभीतच काकूंना विचारलं. काकूंचा आवाज कधी चढत नसे. त्या एवढंच म्हणाल्या, "या घरात नको."

चोचवाल्याचं पोट आत गेलं, पाठीचा काटा दिसायला लागला. शेठजी दिवसभर त्याच्याकडे बघत पडलेले असायचे. एका दुपारी तो वाळूवर आडवा झाला आणि पुन्हा हलला नाही. शेठजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. उजव्यातूनही आलं असेल, पण तो डोळा आधीपासूनच पाझरायचा, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी अभय माझ्या स्टुडिओत आला. "दत्ता, तुझ्याकडे फ्रीज आहे ना? उरलेल्यांचं तरी तसं व्हायला नको."

फ्रीज होता, फिल्मचे रोल ठेवायला. मी निरगुडसरचा माणूस, आमच्याकडे सगळं चालतं. मग पुण्याहून बर्फाच्या डब्यात कोळंबी यायला लागली, आणि माझ्या फ्रीजमध्ये वर नवरा-नवरी आणि खाली कोळंबी असा संसार सुरू झाला.

मी कोळंबी सोलायचो, पाठीतला काळा दोरा काढायचो, टाकीतल्याच पाण्यात धुवायचो आणि मोहरीएवढे तुकडे करायचो. मासे नीट खात नसले तर वरून लसणाच्या रसाचे थेंब टाकायचे, वासानं भूक लागते, असं दुकानदारानं सांगितलं होतं. वाटी झाकून मागच्या दारानं न्यायची आणि मीच टाकीत घालायची.

काकूंना सगळं ठाऊक होतं. मी आलो की त्या उठून आत जायच्या. एक दिवस मात्र दारात थांबल्या.

"दत्ता, कसला वास येतोय?"

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मांसाचं एक वेळ समजलं. त्यांचा जन्मच तसा. पण लसूण कशाला रे?"

हा किस्सा सांगितला की हमखास हसतात. तेव्हा मीही हसलो होतो. काकू हसल्या नव्हत्या.

*

मग दिवाळीत काकूंचे भाऊ आले. फार मायाळू माणूस. नदीवर गेले की माशांना कणकेच्या गोळ्या घातल्याशिवाय परत यायचे नाहीत. मी एका लग्नाच्या शूटिंगला कळंबला गेलो होतो आणि अभय दुकानात गुंतला होता. मामांनी परात घेतली, कणीक मळली आणि शेठजींच्या देखत गोळ्यांवर गोळ्या टाकीत सोडल्या.

संध्याकाळी मी आलो तर टाकीत ताक ओतल्यासारखं पाणी. एक नारिंगी वर तरंगत होता. मी आणि अभयनं उरलेले दोन बादलीत काढले, पाणी बदललं.

मामा भिंतीला टेकून बसले होते. "मी तर पुण्य करत होतो," एवढंच म्हणत होते. त्यांना कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर ते त्या घरी मुक्कामाला आले नाहीत.

*

त्या दिवसापासून उरलेले दोघे खाईनात. आणि शेठजीही खाईनात.

शेठजींचं सगळं करायला तळेघरची हिराबाई होती. डोंगरातली बाई, कमी बोलायची. ती भाताची पेज चमच्यानं भरवायची. शेठजी तोंड मिटून घ्यायचे. ती मला म्हणाली, "दत्ताभाऊ, त्ये मासं खात्यात तवाच शेठ त्वांड उघडत्यात. मी किती बारी बघितलंय."

सुट्टीवरून येताना तिनं पानात गुंडाळून ओढ्यातले झिंगे आणले. अर्धी वाट चालत, अर्धी एसटीनं. "आमी लहानपणापासून हेच खातो. लई गोड असत्यात." मी ते बारीक कापून टाकीत घातले. दोन्ही मासे तुटून पडले. हिराबाईनं लगेच वाटी पुढे केली आणि शेठजींनी सगळी पेज संपवली. अभय दाराआड जाऊन रडला. काकूंनी हिराबाईला साडी दिली.

चार-सहा दिवसांनी पिवळ्याच्या अंगावर पांढरी बुरशी चढली आणि तो मेला. झिंग्यांनी मेला की मामांच्या कणकेनं, ते कधीच कळलं नाही. हिराबाईनं मात्र ती साडी कधी नेसली नाही.

शेठजी तेव्हा झोपलेले होते. अभयनं तशीच गाडीला किक मारली, पुणे गाठलं आणि तेवढ्याच आकाराचा दुसरा पिवळा आणला. शेठजी जागे झाले तेव्हा तो टाकीत फिरत होता. अभय म्हणाला, "पप्पा, बघा, बरा झाला."

शेठजींनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग अभयकडे बघितलं. आजारपणात पहिल्यांदाच. आणि डोळे मिटून घेतले.

*

पुढच्या पावसाळ्यात गावात साध्वीजी मुक्कामाला होत्या. शेठजींना मांगलिक, म्हणजे त्यांच्यातला मंगलपाठ, ऐकवायला घरी आल्या. ते झाल्यावर त्यांची नजर टाकीकडे गेली.

"हे काय खातात?"

काकूंनी पदर ओढून मान खाली घातली. मी कोपऱ्यात उभा होतो. म्हटलं, "मांस खातात, महाराज. मी देतो."

"तुम्ही जैन आहात?"

"नाही."

त्यांनी शेठजींकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. म्हणाल्या, "पाण्यातल्याला काचेत आणलं, हीच पहिली हिंसा. आता उपाशी मारलं तर ती दुसरी." आणि निघून गेल्या.

काकू कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

*

शेठजी त्याच हिवाळ्यात गेले. दुपारी, हिराबाई पेज निववत होती तेव्हा.

घरात पाहुणे भरले. पुढच्या खोलीत बैठक घातलेली, येणारे-जाणारे, पांढरे कपडे. मला त्या घरात वाटी घेऊन शिरायचा धीर होईना. मढ्याच्या घरात कोळंबी कशी न्यायची? स्टुडिओ उघडून नुसता बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सावली पडली. बघतो तर काकू. शेजारी राहून एवढ्या वर्षांत त्या माझ्या स्टुडिओची पायरी कधी चढल्या नव्हत्या. मी उठून उभा राहिलो.

"बसा काकू."

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "उपाशी आहेत ते."

"मी आणतो. तुम्ही व्हा पुढे."

"नाही. कसं कापायचं ते दाखव."

फ्रीज उघडला, डबा काढला, पाट मांडला. एक सोलून दाखवली. त्यांनी हातातली सुरी मागून घेतली. दुसरी त्यांनी सोलली, दोरा काढला, पाण्यातून काढली आणि कापली. अगदी बारीक. डोळे कोरडे होते. हात एकदाही थांबला नाही.

मग साबणानं हात धुतले, पदर नीट केला, वाटी उचलली. मी झाकण पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. काकू उघडी वाटी हातात धरून पुढच्या दारानं घरात शिरल्या आणि बैठकीला बसलेल्या सगळ्या माणसांमधून चालत टाकीपाशी गेल्या.