कशावरून सर

आमच्या चित्रकलेच्या सरांना कुत्र्यांची भीती वाटायची, विजेची वाटायची, हेडमास्तरांची वाटायची, आणि सेनगावहून साखऱ्याला येणाऱ्या जीपची तर सगळ्यांत जास्त वाटायची. जीप भरली की सर दोन्ही हातांनी समोरची दांडी धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "सर, उतरताना दांडी तेवढी सोडून जा. गाडी मालकाची हाय." सर हसायचे, पण दांडी सोडायचे नाहीत. एवढा भित्रा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे इतका वेळ बघत राहणारा माणूसही पाहिला नाही.

तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. आमच्या तांड्यातून साखऱ्याच्या हायस्कुलात जाणारी मुलगी मी एकटीच होते. चित्रकलेचा तास म्हणजे आंबा, नाहीतर डोंगरामागचा सूर्य, अशी आमची समजूत. सरांनी पहिल्याच दिवशी जुन्या कॅलेंडरचं एक चित्र फळ्याच्या खिळ्याला अडकवलं आणि म्हणाले, "आज काढायचं काहीच न्हाई. बघायचं."

चित्रात दारात उभी असलेली एक बाई होती, हातात दिवा. पुढच्या बाकावरचा एक जण लगेच म्हणाला, "सर, नवऱ्याची वाट बघून राहिली."

"कशावरून?"

"तोंडावरून."

"तोंडावर काय हाय?"

त्यानं स्वतःचंच तोंड लांब करून दाखवलं. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. अर्धा तास आम्ही त्या बाईकडे बघत बसलो. शेवटी कुणाला तरी दिसलं की दिव्याची ज्योत घराच्या आत वाकलेली आहे. म्हणजे वारा बाहेरून येतोय. म्हणजे दार आत्ताच उघडलंय. सरांचा चेहरा एकदम उजळला. "आता बोला. आता तुमच्याजवळ काहीतरी हाय." तेव्हापासून त्यांचं नाव पडलं, कशावरून सर.

मुलं सरांच्या भीतीचा फायदाही घेत. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमच्या पायाजवळ साप हाय." सर उडी मारून स्टुलावर चढले. वर उभं राहून, धापा टाकत, त्यांनी विचारलं, "कशावरून?" वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. पुढे सर हेच उदाहरण देत. "मी आधी उडी मारली, मंग विचारलं. माणूस असाच करतो. चित्राचा अर्थ सांगायची घाई करू नका. घाईत सांगितलेला अर्थ म्हंजे अफवा." आणि दुसरं त्यांचं वाक्य असायचं, "भ्या लांबून जास्त वाटतं. जवळ गेलं की बघायचं काम लागतं मागं."

तांडा आणि शाळा यांच्यामध्ये ओढ्याकाठी एका कडुलिंबाखाली एक उभा दगड होता. त्यावर तोंड नाही, अंग नाही. नुसता एक हात, कोपरात वाकून वर आलेला, पंजा उघडा, शेंदरानं लाल झालेला. गावात आणि तांड्यात त्याला हातवाली म्हणत. हातवाली एकट्या पोरीला बोलावते, असं सगळे सांगत. तिच्यासमोरून जाताना मागं वळायचं नाही, श्वास सोडायचा नाही. मी दप्तर छातीशी धरून पळायचे. पावलं माझीच वाजायची, पण मला ती दुसऱ्या कुणाची वाटायची. मी लहान असताना गावातली एक सून पाण्याला म्हणून गेली आणि विहिरीत सापडली होती. हातवालीनं नेली, असं म्हणून लोक मोकळे झाले होते.

सातवीत असताना सरांनी घरचा अभ्यास दिला : रोजच्या वाटेवरची एखादी जुनी वस्तू बघून काढा. माझ्या रोजच्या वाटेवर जुनं असं दुसरं काय होतं? मी दिवसाउजेडी, लांब बांधावर बसून, हातवालीचा हात काढला. वहीचं पान भरून, माझ्या स्वतःच्या हाताएवढा. कागद घरी आणला आणि धान्याच्या कणगीमागं ठेवला.

दोन दिवसांनी माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. तो तापात बडबडायला लागला. त्याच्या अंगावर टाकायला गोधडी काढताना याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हाताला तो कागद लागला. ती ओरडली नाही. तिनं कागद जमिनीवर ठेवला, दूर सरकली आणि मला एवढंच म्हणाली, "हात घरात आणलास तू."

बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भावाला सेनगावला नेलं, तिथं डॉक्टरनं सुई दिली, ताप उतरला. याडीची भीती मात्र उतरली नाही. तिनं कागद लिंबूहळद लावून ओढ्यापलीकडे पुरला. माझी शाळा बंद झाली. लग्नाचं बोलणंही सुरू झालं. मामाच्या तांड्यात एक मुलगा होता, त्याच्या घरच्यांनी विचारलं होतं. मी कणगीला टेकून सगळं ऐकत होते. मला दगडाची भीती वाटत होती, याडीची वाटत होती, आणि त्या न पाहिलेल्या मुलाची तर इतकी, की रात्री हातवाली स्वप्नात आली तर बरं वाटेल असं व्हायचं. ती निदान ओळखीची होती.

मग एका रविवारी तांड्यातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. बाहेर पाहिलं तर कशावरून सर. हातात छत्री आडवी धरलेली, चेहरा पांढराफटक, आणि चारी बाजूंनी कुत्री. बापूंनी कुत्री हाकलली. सर ओट्यावर बसले तरी छत्री त्यांनी खाली ठेवली नाही.

"गलती माझी हाय," ते म्हणाले. "काय काढायचं ते मी सांगितलं. पोरीला काहून शिक्षा?"

याडी आतून म्हणाली, "शिक्षा न्हाई सर. ती हातवाली पोरी नेते."

सर काय म्हणणार, हे मला माहीतच होतं. पण त्यांनी ते अगदी हळू, दुखलेल्या जागेला हात लावावा तसं विचारलं. "कशावरून, बाई?"

"सगळे म्हणतेत."

"तुमी कधी बघितली? जवळून?"

याडी म्हणाली, "तुमी बघितली का?"

"न्हाई," सर म्हणाले. "मला भ्या वाटतं. एकट्यानं जायची हिंमत झाली न्हाई. म्हणून म्हणलं तुमी संगं चला."

भीती वाटते असं सांगणारा मास्तर याडीनं आयुष्यात पाहिला नव्हता. मला वाटतं, त्यामुळेच ती उठली.

आम्ही चौघं निघालो. बापू पुढे, सर सगळ्यांत मागे. दगडापाशी पोचल्यावर सरांनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. "हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "नुसतं बघायचं. खालून वर. काय दिसतं तेवढंच बोलायचं."

बापूंनी बुडाजवळचं गवत काठीनं बाजूला केलं. तिथं शेंदूर पोचला नव्हता. दोन छोट्या आकृती निघाल्या. एक आडवी, एक तिच्या उशाशी बसलेली.

"माणूस झोपला हाय," बापू म्हणाले. "बाई बसली. मागं झाडाची पानं हायेत."

"पानं?" सर म्हणाले. "कशावरून?"

बापू वाकून बघत राहिले. तेवढ्यात याडी पुढे झाली. रोज चुलीपुढं बसणारी बाई ती. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पानं न्हाईत. जाळ हाय."

याडीची नजर हळूहळू वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत, शेंदराच्या थराखाली, वळ्या वळ्या होत्या. तिनं आपल्या दंडावरच्या बांगड्यांवर हात ठेवला.

"बांगड्या हायेत. एकबी फुटली न्हाई," ती म्हणाली. "नवरा मेला तरी फोडल्या न्हाईत. फोडायला ठेवलीच न्हाई हिला."

सरांनी कशावरून विचारलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"ही कुणाला नेत न्हाई," याडी म्हणाली. "हिलाच नेलं. लोकांनी." आणि थोड्या वेळानं, दगडाकडे बघतच, "ती गावातली सून... तिच्या शेतात मी निंदायला जायचे. तिच्या पाठीवरचे वळ बघितलेत मी. सगळे म्हणले हातवालीनं नेली. मीबी म्हणले."

परत येताना ती माझा हात सोडत नव्हती. इतका घट्ट की दुखत होता. तिची भीती गेली नव्हती. तिनं नुसती जागा बदलली होती. दगडापासून उठून ती माणसांत येऊन बसली होती, आणि तिथं ती जास्त मोठी होती. घरी आल्यावर बापूंना म्हणाली, "मामाला न्हाई कळवा. पोरगी शिकू द्या." सोमवारी ती मला दगडापर्यंत सोडायला आली. संध्याकाळी न्यायलाही आली. दहावीपर्यंत ती त्याच लिंबाखाली, हातवालीच्या शेजारी बसून माझी वाट बघायची. लोक तिला वेडी म्हणायचे. ती म्हणायची, "तिलाबी सोबत होते."

पुढे मी सरांना विचारलं, तुम्हाला आधीच माहीत होतं का? सर म्हणाले, सतीच्या अशा दगडांबद्दल पुस्तकात वाचलं होतं. "पण मी नाव सांगितलं असतं तर तुझ्या बापूनं नारळ फोडला असता आणि वर्षात तिथं देऊळ झालं असतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती मला. न्हाई सांगितलं, म्हणून तुझ्या याडीनं बघितलं."

गावात मात्र बोभाटा झाला. मास्तरानं हातवालीला उकरलं, असं कुणीतरी उठवलं. हेडमास्तरांनी सरांना बोलावलं तेव्हा मी खिडकीबाहेर होते. सर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बघितलं फक्त, साहेब." उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांना संस्थेच्या दुसऱ्या शाळेवर पाठवलं. जाताना जीपमध्ये त्यांनी नेहमीसारखी दांडी धरली होती. निरोपाला हात वर करायचा तर ती सोडावी लागली असती. त्यांनी नुसती मान हलवली.

मी हिंगोलीला बी.ए. केलं. आमच्या तांड्यातली पहिली पदवी. पेढे घेऊन सरांच्या गावी, डोंगरकड्याला गेले, तेव्हा ते निवृत्त झाले होते. खूप वाळले होते, बोलताना खोकत होते. सरांची पत्नी चहा टाकायला आत गेल्यावर त्यांनी कपाटावरच्या एका मोठ्या पिवळ्या पाकिटाकडे बोट केलं. नांदेडला छातीचा फोटो काढला होता. डॉक्टरांना दाखवायला परवा जायचं होतं. पाकीट त्यांनी उघडलं नव्हतं.

"रोज बघतो पाकिटाकडं," ते म्हणाले. "भ्या वाटतं."

मी काळी फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. सर खाटेवरून भिंतीकडे बघत होते.

"सर, या इकडे," मी म्हणाले. "लांबून जास्त वाटतं."

ते उठले. माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि माझ्या ओढणीचं टोक त्यांनी मुठीत धरलं. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, एक पांढरा डाग होता. तो मला दिसला होता, आणि मला माहीत होतं की त्यांनाही दिसला असणार. घशाशी आलेला अर्थ मी गिळला. घाई करायची नव्हती.

"खालून वर," सर म्हणाले. "काय दिसतं, तेवढंच सांग."

मी सांगायला सुरुवात केली.