विस्तव चोरणारी सून

आमच्या गल्लीतल्या बोक्सुनताईंचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. मासळीवालीच्या काट्यावर नाही, माझ्या घड्याळावर नाही, आणि सुनेवर तर नाहीच नाही. मी त्यांची शेजारीण. दोन घरांमध्ये एक बुटकी भिंत, त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला आपोआप कळायचं. कान लावावा लागायचा, पण थोडासाच.

उन्हाळ्यात त्यांचं बरं चालायचं. लाकडी ओसरीच्या फटींतून खालचं वारं वर येतं, तिथे पडून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायच्या. खरी परीक्षा थंडीत. आमच्याकडे घर तापतं ते जमिनीखालून. प्रत्येक खोलीबाहेरच्या चुलीत भोकाभोकांची कोळशाची वडी पेटते, तिची धग जमिनीखालच्या दगडी वाटांनी फिरते आणि धूर पलीकडच्या धुरांड्यातून जातो. चुलीजवळचं ऊबेचं टोक घरातल्या वडीलधाऱ्यांचं. दगडांवर माती, मातीवर तेल दिलेला कागद. थंडीआधी हा कागद उचलून मातीच्या भेगा बुजवायच्या असतात. नाहीतर कोळशाचा विषारी वायू खोलीत शिरतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

त्या वर्षी बोक्सुनताईंनी कागदाला हात लावू दिला नाही. त्यांचा मुलगा सोंगमुन आखातात बांधकामावर गेला होता, आणि जाण्यापूर्वी तो कागद त्यानंच चिकटवला होता. सून ह्यांगशिम एकदा म्हणाली, आई, उचलून बघूया का. त्यावर त्यांनी तिला असं फाडून खाल्लं की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

मग कडाका पडला, आणि बोक्सुनताईंची जमीन गार लागायला लागली. परगावी गेलेल्या माणसाच्या नावानं भाताची वाटी ऊबेच्या टोकाला गोधडीखाली ठेवायची आमची रीत. भात गरम तोवर माणूस सुखरूप. त्यांनी वाटीला हात लावला तर थंडगार. काळजाचं पाणी पाणी झालं. पण त्यांच्या काळजाचं पाणी फार वेळ पाणी राहत नसे, लगेच उकळायचं. सुनेच्या खोलीत जाऊन जमिनीला तळवा लावला, तर तिथे चटका बसला.

तशाच माझ्याकडे आल्या. "माझा विस्तव चोरते ती. माझ्या पोराचा जीव गारठवते." आता तिला पकडून माहेरी धाडते, तुम्ही साक्षीला थांबा, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सार्वजनिक न्हाणीघरात जाते असं सुनेला सांगून त्या माझ्या भिंतीआड येऊन बसल्या. थोड्या वेळानं ह्यांगशिम चिमट्यात लालभडक वडी धरून अंगण ओलांडताना दिसली. सासूच्या चुलीतून काढलेली, आपल्या चुलीकडे चाललेली.

"सापडलीस," बोक्सुनताई भिंतीवरून म्हणाल्या. "बांध गाठोडं."

पोरीचा चेहरा पांढरा पडला, पण चिमटा सुटला नाही. "आई, तुम्ही सकाळी डोकं धरून उठत होता. मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीचं गार पाणी प्यायलात की बरं वाटायचं. ते पाणी लोक वायू चढलेल्याला पाजतात. कागदाखाली भेग आहे. कागद उचलू देत नाही, म्हणून विस्तवच काढून नेते."

"बहाणे माहेरहून शिकून आलीस वाटतं. ठेव ती वडी परत. आज त्या भेगेवरच डोकं ठेवून झोपते. बघू मरते का."

ह्यांगशिमनं वडी सासूच्या चुलीत नेऊन ठेवली. मग चिमटा पुसत म्हणाली, "मग मीही तुमच्या शेजारीच अंथरूण घालते."

बोक्सुनताई तिच्याकडे बघत राहिल्या. यातही काही डाव असेल का, हे त्या शोधत होत्या, मला दिसत होतं. चोर चोरीच्या मालावर झोपेल, पण विषावर कशाला झोपेल? शेवटी त्यांनी माझ्याकडे सुरी मागितली. मला घेऊन खोलीत गेल्या, गुडघे टेकले आणि लेकानं चिकटवलेला कागद स्वतःच्या हातानं चिरला. खाली मातीला भेग होती, बोट जाईल एवढी. कागदाची आतली बाजू काजळीनं काळी झाली होती.

चुकलं म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. "ती वडी बाहेर काढ आधी," म्हणाल्या. "आणि माती भिजव. पातळ करू नकोस. तू सगळंच पातळ करतेस."

माती वाळली, नवा कागद बसला. तरी बोक्सुनताईंनी सुनेचं अंथरूण आपल्या खोलीत आणायला लावलं, तेही ऊबेच्या टोकाला, आणि आपण गार बाजूला सरकल्या. हे काय नवीन, मी विचारलं.

"नजरेसमोर असलेली बरी," त्या म्हणाल्या. "तिचा काय भरवसा."